माझीच प्रत खरी

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगते आहे – का, ते मलाही नीट कळत नाही.

आम्ही दिघीत राहतो. चाकणच्या लहान वर्कशॉपवाल्यांच्या वेबसाइट मी घरून बनवते. सासरे कंपनीतून रिटायर झाले, घरात बसून कंटाळले, तेव्हा मीच त्यांना कोड शिकवायला घेतला. पप्पा म्हणते मी त्यांना. हळू शिकले, पण मन लावून. पुढच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर, आतल्या खोलीत माझा. एकाच वेबसाइटवर दोघं काम करायला लागलो आणि घोळ सुरू झाले – त्यांच्याकडे एक, माझ्याकडे भलतंच. दोन्हीकडचा कोड जुळवून ठेवणारं काहीतरी हवं होतं.

मी दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. एक दोघांच्या फायली शेजारी शेजारी मांडायचं, फरक असलेल्या ओळी रंगवून दाखवायचं आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं – यांचं ठेवू की तुमचं? दुसरं काही विचारायचंच नाही. बटण दाबलं की माझ्याकडचं सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर आणि वेबसाइटवर जायचं. त्यांनी केलेलं पुसलं जायचं.

मी दुसरं निवडलं. पप्पांना सांगितलं, हे दोघांचंही काम एकत्र करतं. घाई होती म्हणू? घाई तर होतीच. पण त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता – पानांची मांडणी काकांनी, म्हणजे पप्पांनी, केली तीच जास्त छान झाली, यापुढे त्यांच्याशीच बोलत जाईन. मी हसून बरं म्हटलं होतं. ते हसणं कसलं असतं, तुम्हाला माहीत असेल.

थोड्याच दिवसांनी पप्पा माझ्या दारात येऊन उभे राहिले. आदल्या दिवशी दुपारभर बसून त्यांनी एका वर्कशॉपच्या सुट्या भागांच्या फोटोंखाली मापं भरली होती. ती आता कुठंच दिसत नव्हती. सकाळी मी बटण दाबलं होतं.

"मी भरली होती ना गं ती मापं?"

खरं सांगायला असा किती वेळ लागला असता?

"नाही पप्पा," मी म्हटलं, "भरायची आहेत म्हणाला होतात तुम्ही."

ते 'असेल' म्हणाले, आणि जाऊन पुन्हा पहिल्यापासून भरायला बसले.

तिथं तरी थांबायचं. नाही थांबले. कधी त्यांचं काम आधी माझ्याकडे उतरवून घ्यायची, कधी – मला खुपलं की – तसंच बटण दाबायची. ते विचारायला यायचे, मी तेच उत्तर द्यायची. पुढे पुढे त्यांनी विचारणंही सोडलं. त्यांच्या आईला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. हे मला माहीत नव्हतं का? होतं.

एक दिवस त्यांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं. मग स्कूटरची चावी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली – भोसरीच्या चौकात कुठं वळायचं तेच आठवलं नाही तर, म्हणाले. त्यानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काहीही झालेलं नाही म्हणून सांगितलं. पप्पांचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. माझ्यावर होता.

एकदा मी सांगायला गेले – अर्धवट. म्हटलं, पप्पा, तेव्हा सॉफ्टवेअरचीही चूक असेल. सॉफ्टवेअरची. माझी नव्हे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मन राखतीस होय माझं, पोरी?"

मी चहा टाकायला उठले.

आता ते एकटे बाहेर जात नाहीत. घरातही गॅस बंद केला का, गोळी घेतली का, दाराला कडी लावली का – सगळं मला विचारून खात्री करून घेतात. मुलाला विचारत नाहीत. प्रत्येक गोष्ट त्यांनी केलेलीच असते, व्यवस्थित. मी 'हो पप्पा, केलंत' म्हणते, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडतो.