पन्हाळ्यापाशी अडलेलं भाषण

पुण्याच्या रेडिओ केंद्राचं पत्र आलं, तेव्हा मी शाळेतून नुकताच घरी आलो होतो. बखरींच्या भाषेवर माझा एक लेख मासिकात छापून आला होता. त्याच विषयावर रेडिओवर बोलावं, असं त्यांनी कळवलं होतं. पत्नीनं पत्र वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती.

मी लहानपणापासून तोतरा. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांना माझं नाव थोरल्या भावानं सांगितलं, आणि पुढं कितीतरी वर्षं दुकानात, बाजारात, पाहुण्यांपुढं माझं बोलणं तोच बोलत आला. तो पेठ वडगावजवळच्या आमच्या गावी शेती बघायचा. मी शिकून कोल्हापुरात इतिहासाचा मास्तर झालो. वर्गात फारसा अडायचो नाही, कारण मुलं ओळखीची. परक्यांपुढं मात्र 'प' आला की ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत.

"जमणार नाही म्हणून कळवतो," मी म्हणालो.

"आधी लिहा तर. अडतील ते शब्द काढून टाकू," पत्नी म्हणाली.

आम्ही दोघं बसलो. 'पत्रा'च्या जागी 'खलिता' आला, 'पराक्रमा'च्या जागी 'शौर्य'. भाषणाला उलट बखरीचाच डौल आला. पण पन्हाळ्याचं काय करायचं? गडाच्या वेढ्याचं वर्णन हाच तर भाषणाचा गाभा होता.

"नुसतं गड म्हणा."

"कोल्हापूरचा मास्तर आणि पन्हाळ्याचं नाव घ्यायला घाबरतो?" मी म्हणालो. बोललो खरा, पण घाबरतच होतो. तरी शब्द तसाच ठेवला. भाषण मंजुरीला गेलं, मंजूर होऊन आलं. आता त्यात काही बदलता येणार नव्हतं.

दादाला मी कळवलं नव्हतं, पत्नीनं कळवलं. गावच्या पंचायतीत बॅटरीवर चालणारा रेडिओ नुकताच आला होता. दादाचा उलट निरोप आला, सगळ्या गावाला चावडीत आणून बसवतो म्हणून. त्यानंतर माझं जेवणात लक्ष लागेना.

ठरल्या दिवशी पुण्याला गेलो. केंद्रावरचे अधिकारी मोठे अगत्याचे होते. कागद वाजू नयेत म्हणून त्यांनी टाचणी काढून घेतली आणि वाचून झालेलं पान हळूच बाजूला कसं सरकवायचं ते दाखवलं. मग दार बंद झालं, लाल दिवा लागला आणि मी वाचायला लागलो. सुरुवात बरी झाली. बखरकाराची छोटी छोटी वाक्यं तोंडात बसत गेली. पान सरकवलं, वेढ्याचा मजकूर आला आणि माझे ओठ मिटले.

काचेपलीकडं अधिकाऱ्यांनी मान वर केली. जोर करावा तसे ओठ आणखी आवळत गेले. शेवटी जोर करायचा सोडून दिला, श्वास सोडला, आणि पन्हाळा आपोआप बाहेर पडला. पुढचं सगळं मी न अडता वाचलं. ज्याची धास्ती होती ते होऊन गेलं होतं.

"वेढ्यापाशी छान थांबलात," बाहेर आल्यावर अधिकारी म्हणाले. ते मनापासून म्हणत होते की माझी समजूत घालत होते, कळेना. रेल्वेत बसल्यावर वाटलं, सगळ्या गावादेखत दादाची मान खाली गेली असणार.

घरी जाण्याआधी त्याला भेटावं म्हणून हातकणंगल्याला उतरलो आणि गाव गाठलं. दादा गुऱ्हाळावर होता. मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत होता आणि तो वरची मळी काढत होता.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"ऐकलं की. समदं गाव हुतं. पर मधीच रेडू बंद पडला. जो तो म्हणाय लागला, बॅटरी गेली. म्या उठलो आनि डब्याला दोन थापा हाणल्या, तवा कुठं पन्हाळा म्हणून बोलला बघ."

मी काहिलीजवळ गेलो.

"दादा, रेडिओ नव्हता अडला. मी अडलो होतो."

त्यानं हातातला झारा थांबवला. "व्हय?"

"हो."

त्यानं झारा पुन्हा रसात घातला. "कुणाला कळलं न्हाय," तो म्हणाला. "बॅटरी नवीन आना म्हणून लोकं सरपंचाला बोलल्यात. ती आनू देत. लई दीस पायजेच हुती."

मला हसू फुटलं. तोही हसायला लागला. हसता हसता मी उसाच्या पाचटावर बसलो तो आडवाच झालो, आणि कित्येक दिवसांत आली नव्हती तशी झोप मला भर दुपारी लागली. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं, माझ्या अंगावर दादाचं घोंगडं होतं आणि पलीकडं तो कुणाला तरी सांगत होता, "भाषण करून आलाय. निजू दे त्याला."