कशालाबाईंनी मला नापास केलं

आमच्या अंबरनाथच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हात्रेबाई. पोरं त्यांना पाठीमागे 'कशालाबाई' म्हणायची आणि हे त्यांना ठाऊक होतं. कुठलाही अर्ज हातात पडला की तो वाचायच्या आधी त्या लाल पेनाचं टोपण काढायच्या. वडिलांचं उत्पन्न? 'कशाला?' घर भाड्याचं की स्वतःचं? 'कशाला?' स्नेहसंमेलनाच्या अर्जात मी एकदा हौसेनं रक्तगटाचा रकाना घातला होता. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अहो राणे, पोरगी कोळीनृत्य करणार आहे की ऑपरेशन?"

मुलांचे गुण म्हणजे बाईंच्या लेखी देवघरातला टाक. येताजाता हात लावायचा नाही. शिक्षकांच्या खोलीत तपासलेले पेपर उघडे दिसले की त्या जाताजाता पालथे करून जायच्या. एका पालकानं आडून विचारलं, "बाई, आमच्या समोरच्या भोईरांच्या सोन्याला किती पडले हो?" बाई शांतपणे म्हणाल्या, "भोईरांनाच विचारा ना. आणि त्यांनी काय सांगितलं ते मलाही सांगा, मजा येईल."

अशा बाईंच्या हाताखाली मी गणिताचा मास्तर, आणि त्यात मला कॉम्प्युटरचं वेड. उल्हासनगरचे लालवानीसर, बदलापूरच्या एका शाळेतल्या मॅडम आणि मी, अशा तिघांनी मिळून मुलांच्या अभ्यासाची नोंद ठेवणारी एक प्रणाली बांधली. मुक्त होती ती, म्हणजे कुणाच्या मालकीची नाही. आतलं गणित कुणीही उघडून बघावं, चूक दिसली तर सुधारावी, आपल्या शाळेत फुकट वापरावी. बाईंनी परवानगी दिली ती एका अटीवर: "हिशोब उघडा ठेवा, पोरं झाकून ठेवा." म्हणजे सूत्रं तिन्ही शाळांना दिसतील, पण आमच्या मुलांची नावं आमच्या शाळेबाहेर जाणार नाहीत.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग मला बुद्धी सुचली. नववीतलं कोणतं मूल दहावीला गटांगळी खाणार, हे आधीच सांगणारा एक लाल ठिपका मी त्यात बसवला. गुण, हजेरी आणि उशिरा येणं, यांचं मिळून एक सूत्र. उशिराला मी सढळ हातानं वजन दिलं. शिस्त म्हणजे शिस्त!

आमच्या संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांना ठिपका भलताच आवडला. कारण उघड होतं. कच्च्या मुलांना नववीतूनच '१७ नंबरचा फॉर्म' भरायला लावायचा, म्हणजे ती बाहेरून परीक्षेला बसतात, आणि शाळेच्या नावानं 'शंभर टक्के निकाल' असा फलक स्टेशन रोडवर झळकतो. साहेब म्हणाले, "राणेसर, लाल ठिपकेवाले सगळे सतराला. मशीनच सांगतंय म्हटल्यावर पालक काय बोलणार?" मी छाती फुगवून घरी गेलो.

लाल ठिपक्यांत रूपाली होती. भूमितीत बरी, बीजगणितात अडखळणारी. शाळा सुटली तर तिचं लग्नच लावतील, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

बाईंनी मला बोलावलं. "ही लाल का?"

"मशीन म्हणतंय, बाई."

"आणि मशीनला कोण म्हणालं?"

"...मी."

बाईंनी रूपालीला हाक मारली. "का गं, सारखा उशीर का होतो?"

"रोज नाही होत, बाई. एक दिवसाआड होतो. पाणी येतं ना, त्या दिवशी. आई कामावर जाते, भरायला मीच असते."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. पाणी एक दिवसाआड माझ्याकडेही येतं. त्या सकाळी हंडे, पिंप, बादल्या आणि बायकोचा आवाज यांतून सुटून मी शाळेत पोचतो, तेव्हा प्रार्थना संपलेली असते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत, सेक्रेटरीसाहेबांसमोर, बाईंनी शिक्षकांचं मस्टर उघडलं. "राणे, तुमचे उशीर घाला त्या मशीनमध्ये. आणि तुमचे स्वतःचे नववीचे गुण." गुण मी थोडे वाढवूनच सांगितले. तरीही माझ्या नावापुढे टपोरा लाल ठिपका!

"साहेब," बाई अतिशय दुःखी चेहऱ्यानं म्हणाल्या, "या विद्यार्थ्याला सतराला घालावं लागेल. गणित शिकवायला कोण आणू?"

साहेबांना हसू आवरेना, पण फलकही सोडवेना. "आणि निकाल घसरला तर?"

"तर फलकाचं कापड वाचेल. माझं निवृत्तीचं वर्ष आहे साहेब, काय तो ठपका माझ्यावर येऊ द्या. सतराच्या फॉर्मवर सही मी करणार नाही."

त्याच संध्याकाळी मी उशिराचं वजन निम्मं केलं. सूत्र उघडं असल्यानं ही दुरुस्ती तिन्ही शाळांत दिसली. लालवानीसरांचा लगेच फोन. "साईं, सुना आप फेल हो गये? अरे, आमच्याकडे पण तेच! कारखान्याच्या घाईच्या दिवसांत घरी जीन्सचे धागे कापत बसणारी पोरं सगळी लाल!" मग आम्ही उशिराचं वजनच काढून टाकलं. ठिपका राहिला, पण बाईंच्या हुकमानं त्याचा अर्थ बदलला. त्यापुढे आता 'विद्यार्थी धोक्यात' असं येत नाही, 'शिक्षकाने भेटावे' असं येतं. म्हणजे काम माझं वाढलं. वर्षभर मधल्या सुट्टीत डबा एका हातात आणि रूपालीची बीजगणिताची वही दुसऱ्या हातात, असा मी जेवलो.

निकाल लागला. एक मुलगा राहिला, फलक लागला नाही, साहेब बाईंशी बोलेनासे झाले. रूपाली पास झाली. गणितात काठावर, पण काठाच्या अलीकडच्या बाजूला.

दाखला न्यायला ती आली, तो बाईंचा शाळेतला शेवटचा आठवडा होता. मूल शाळा सोडून गेलं की कायद्यानं ठेवावं लागतं तेवढंच ठेवायचं, बाकीच्या नोंदी पुसायच्या, हा बाईंचाच नियम. मी रूपालीचं पान उघडलं आणि बटणावर बोट नेलं.

"थांबा हो. तिचं आहे, तिला दाबू दे."

रूपालीनं ओढणीला हात पुसला आणि बटण दाबलं. ठिपका, उशीर, सगळं गेलं. ती रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. "आता कॉलेजात उशिरा गेलीस, तर पहिल्यांदाच गेलीस."