अक्कांनी पाळलेला बोका

पाण्याच्या पंपांचे सुटे भाग पुरवणाऱ्या त्या कंपनीत एक काळा संगणक होता, छोट्या फ्रिजएवढा. मालाचा साठा, बिलं, पगार, सगळं त्याच्याच पोटात. तो कधी रुसला नाही की आजारी पडला नाही. पण त्याची हिरवी अक्षरं फक्त ऑफिसातल्या काळ्या पडद्यांवर दिसायची. बाहेरच्या दुकानदाराला साधा वॉशर शिल्लक आहे का विचारायचं तरी फोन करावा लागे, आणि फोनवर असायचे स्टोअरचे मामा. अर्ध्या वाक्यावरून ते भाग ओळखायचे, वर दुकानदाराच्या पोराबाळांचीही चौकशी करायचे.

मग मामांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज मात्र गेला.

साहेबांनी संगणक सांभाळणाऱ्या अक्कांना बोलावलं. "मामांना आता घरी बसवावं लागणार. मलाही ते बरं वाटत नाही, पण फोन कोण घेणार?"

"फोनची गरजच उरली नाही तर?" अक्का म्हणाल्या. "दुकानदार आपापल्या मोबाइलवर साठा बघतील."

"त्यासाठी नवी मशीन, नवा प्रोग्रॅम... एवढं कुठे जमणार आपल्याला?"

"मशीन हीच. तिच्यावरच वेब सर्व्हर चालवते, म्हणजे मोबाइलला पानं पुरवणारा प्रोग्रॅम. फुकट मिळतो. मामा सुट्टीवर आहेत तोवर मला वेळ द्या."

बोलून तर बसल्या, पण सर्व्हर जावा भाषेतला आणि अक्कांना जावाचा ओ की ठो कळत नव्हता. घरी सांगितलं तर नवरा हसायला लागला. "मी एकुलता एक, म्हणून तुला जावा मिळाल्या नाहीत. आता ऑफिसातून आणतेस होय?" पण रोज संध्याकाळी स्वयंपाक त्याने अंगावर घेतला आणि अक्का पुस्तक उघडून बसू लागल्या.

सर्व्हरचं नाव टॉमकॅट, म्हणजे बोका. अक्कांनी बोका पाळलाय, ही बातमी ऑफिसभर झाली. बोका मात्र जागचा हलेना. अक्कांनी सेटिंगची फाइल काळ्या मशीनवरच लिहिली होती, आणि त्या मशीनची अक्षरं साठवायची रीत साऱ्या जगाहून निराळी. बोक्याला त्या फाइलमध्ये नुसता कचरा दिसत होता. हे लक्षात येईपर्यंत अक्कांच्या नाकी नऊ आले. फाइल बोक्याला कळेल अशा रीतीने पुन्हा साठवली, तेव्हा कुठे मोबाइलवर साठ्याचं पान उघडलं.

मामा कामावर परतले त्याच दिवशी काही दुकानदारांना पान वापरायला दिलं. दिवस छान गेला. अक्का आपला पडदा बंद करून खुशीत घरी गेल्या.

सकाळी येऊन बघतात तर फोन खणखणताहेत. पान उघडत नव्हतं. मामांनी सवयीने रिसीव्हर उचलला होता. ओठ हलत होते आणि पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" ओरडत होतं. अक्कांनी रिसीव्हर हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला. मामांनी मान खाली घातली.

साहेब दारातच उभे होते. "अक्का, पुरे करू या आता."

"दुपारपर्यंत थांबा," अक्का म्हणाल्या. आवाज एवढा चढला की त्या स्वतःच चपापल्या. "नंतर तुम्ही म्हणाल तसं."

मशीन आपल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवते. अक्कांनी ती वाचायला घेतली. बोका थांबला होता तो नेमका त्यांनी पडदा बंद केला त्या क्षणी! त्यांनी तो आपल्या पडद्यावरून सुरू केला होता, म्हणून मशीनने त्याला अक्कांचंच काम समजून अक्कांबरोबर घरी पाठवलं होतं.

त्यांनी कपाळावर हात मारला आणि कंबर कसली. बोक्याला पडद्यामागे स्वतंत्र जागा दिली, त्याचं वेगळं खातं उघडलं, मशीन चालू झाली की तोही आपोआप चालू होईल अशी सोय केली. मग आपला पडदा बंद करून मामांना म्हणाल्या, "उघडा मोबाइल."

पान उघडलं. मामांनी पुन्हा उघडून पाहिलं. मग भुवया उंचावून एका ओळीवर बोट ठेवलं आणि मोबाइलवरच टाइप करून अक्कांना दाखवलं: 'हे नाव कुणाला कळणार? दुकानदार याला टोपी म्हणतात.'

खरंच की! कंपनीची नावं दुकानदारांना कुठे ठाऊक? "मग तुम्हीच घाला ना नावं, मामा," अक्का पडदा पुन्हा चालू करत म्हणाल्या. मामांनी खुर्ची पुढे ओढली. टोपी, बांगडी, जाडी चकती, दुकानदारांच्या तोंडची सगळी नावं ते मशीनमध्ये घालू लागले. हळूहळू फोन कमी झाले. एक-दोन हट्टी दुकानदार अजूनही फोन करतात, ते फोन अक्का घेतात.

पुढे साहेबांनी विचारलं, "बिलंही दिसतील का अशी?"

"दिसतील की. पण मामा लागतील मला."

"मामा कुठे जाताहेत?" साहेब म्हणाले, आणि अक्कांनी बिलांचं काम हातात घेतलं.