दाराजवळची ट्रंक

नातवंडांनो, तुम्ही आता कॅनडात हॅलिफॅक्सला राहता, तो मुलूख मूळचा मिकमॅक लोकांचा. त्यांची माहिती मला पहिल्यांदा मिळाली ती बहारीनमध्ये, ईसा टाउनच्या घरात. तुमची आई तेव्हा नऊ वर्षांची होती.

त्या दिवसांत आमच्या दाराजवळ एक ट्रंक भरून ठेवलेली होती. तुमच्या आजोबांची नोकरी कराराची. करार संपला की चंबूगबाळं उचलायचं. मुलीचं शिक्षण तरी एका जागी व्हावं म्हणून तिला पाचगणीच्या बोर्डिंगात घालायचं मी ठरवलं होतं. प्रत्येक फ्रॉकवर नावाची पट्टी शिवून झाली होती. तरी मी रोज ट्रंक उघडायची, घड्या मोडायची, पुन्हा घालायची.

शेजारची कॅनेडियन बाई घर सोडताना काही पुस्तकं देऊन गेली होती. त्यातला एक धडा मी तुमच्या आईला सरावासाठी मोठ्याने वाचायला लावला. मिकमॅक लोक उन्हाळ्यात समुद्रकाठी मासे धरत, हिवाळ्यात शिकारीला रानात जात. इंग्रज सरकारने त्यांना सांगितलं, फिरणं सोडा, शेती करा, मुलांना शाळेत घाला. शाळा ओसच राहिल्या. बियाण्याचे बटाटे दिले, जमीन मात्र खडकाळ. हिवाळ्यात उपासमार झाली तेव्हा लोकांनी बियाणंच खाल्लं.

"दे एट देअर होमवर्क!" तुमची आई खिदळली.

आजोबा सुरमई साफ करत होते. म्हणाले, "मग भूक लागल्यावर काय बटाट्यांची पूजा करायची?"

"पण आई, मुलं स्कूलला का नाही गेली?"

"आईबाप रानात निघाले की मुलंही सोबत जायची," मी म्हणाले. "एवढ्याशा मुलांना आपल्यापासून दूर कोण ठेवील?"

तिने पुस्तक मिटलं, ट्रंकेकडे बघितलं.

"यू," ती म्हणाली.

आजोबांनी सुरी खाली ठेवली. "यल्ला, चल, आता दे उत्तर!"

दुपारभर मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. संध्याकाळी ट्रंक रिकामी केली.

ती ईसा टाउनच्याच शाळेत राहिली. पट्ट्या उसवायला मात्र माझा हात धजला नाही. करार उद्याच संपला तर? तेच फ्रॉक घालून ती शुक्रवारच्या सुट्टीत खेळायला जायची. नावाची पट्टी बघून मैत्रिणी चिडवायच्या, "घरातल्या घरात हरवतेस की काय गं?"

"माझ्या आईला विचारा," ती म्हणायची.