रॅकेटच्या मुठीवरील हक्काबाबत

अर्जदार: प्रस्तुत लिहिणारा, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय अर्जनविशी, बैठक बीडच्या तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर. गैरअर्जदार: अर्जदाराचा साडू, मांजरसुंब्याच्या फाट्यावरील ढाब्याचा व एसटीडी बूथचा मालक. वादाची वस्तू: बॅडमिंटनची रॅकेट. काळ: अर्जदाराच्या मुलीची आठवीनंतरची उन्हाळी सुट्टी. साक्षीदार: अर्जदाराची पत्नी, तिची बहीण गैरअर्जदारास दिलेली असल्याने तिची साक्ष जपून वाचावी.

बाजार खुला झाला आणि त्याबरोबर माझ्या साडूचे नशीबही उघडले. ज्याने आयुष्यात चार ओळींचे पत्र धड लिहिले नाही, त्याच्या बूथबाहेर ट्रकवाले बोलण्यासाठी ताटकळू लागले. रंगीत टीव्ही त्याच्याकडे आधी आला, फ्रिजही आधी आला. हे मी सहन केले. परंतु ढाब्याचा बाजार करायला तो दर रविवारी बीडला येई, आमच्या दारात मोटारसायकलचा हॉर्न वाजवी, आणि माझी मुलगी अनवाणी धावत सुटे. मी कचेरीतून घरी येई तेव्हा ती पुस्तकातून मान वर करी, एवढेच.

त्या सुट्टीत त्याने तिला ती रॅकेट आणली. काळी, चकचकीत; हातात धरली तर वजन जाणवू नये. खोक्यावर इंग्रजी मजकूर होता. मी तो वाचला. अर्थ कोणी विचारला नाही.

लवकरच मुलीची तक्रार आली. "आप्पा, मूठ लई जाड हाय. फूल मारलं की हातात फिरायलीय. रविवारी काकांना दाखवते, त्यांच्याकडं मिस्त्री हाय."

"घरात माणूस न्हाई का?" मी विचारले.

"हाय की," पत्नी चुलीपासून म्हणाली, "पण त्यानं खिळा ठोकलेला म्या अजून पाहिला न्हाई. कावून दुसऱ्याची वस्तू खरडता?"

दुसऱ्याची, हा शब्द मला लागला. रॅकेट माझ्या मुलीची, म्हणजे माझ्या घरची. मी ती घेऊन ओसरीवर बसलो. मुठीवरची फीत उकलली. ती बुडाशी बारीक खिळ्याने अडकवलेली होती. आत लाकूड निघाले, साधे लाकूड, आणि मला बरे वाटले. त्याला आठ बाजू होत्या. एखादी बाजू जास्त घासली गेली तर मूठ गोल होऊन आणखी फिरेल, हे माझ्या ध्यानात आले. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून मी प्रत्येक बाजू सारखी घासली आणि मधून मधून मुलीला हाक मारून हात बसवून पाहिला. बोटांची टोके आणि अंगठ्याचा गादीसारखा भाग यांत बोटभर जागा राहिली पाहिजे.

"झालं आप्पा, बसली," ती म्हणाली.

मी थांबलो नाही. साडूचा पंजा फावड्यासारखा आहे. ती मूठ त्याच्या हातात बसू नये, हा माझा हेतू होता आणि तो मी लपवत नाही. आपल्या मिळकतीला कुंपण घालणे हा गुन्हा ठरत नाही. मुलीला चालेल पण त्याला चालणार नाही, अशा बेताने मी आणखी घासले. मग पातळ सुती पट्टी बुडापासून वर, अर्धी पट्टी अर्धीवर चढवत, ताणून गुंडाळली. मुलीने गल्लीत जाऊन फूल उडवले. मूठ हातात फिरली नाही. परत आली आणि माझ्याकडे पाहून हसली. ते हसू माझ्या कामाचे होते.

रविवारी साडू आला. गल्लीत बाजेची नवार आडवी बांधून दोघे खेळायला उभे राहिले. शेजाऱ्यांची जुनी रॅकेट मुलीने घेतली आणि नवी काकांना दिली. त्याने एक फटका मारला, मुठीकडे पाहिले आणि हसू लागला.

"साडूभाऊ, ही मूठ केली का पळी? धरावं म्हणलं तर बोटं एकमेकाला भेटायलीत."

"तिच्या मापाची आहे," मी म्हणालो.

"मग बराबर हाय. हिला कोणी मागणार न्हाई आता."

मी मनात खटला जिंकला. पुढच्या रविवारी तो स्वतःसाठी दुसरी रॅकेट घेऊन आला, तशीच काळी, जाड मुठीची. तेव्हापासून सुट्टी संपेपर्यंत, आणि पुढच्या सुट्ट्यांतही, दोघे खेळत राहिले. उसनी रॅकेट शेजाऱ्यांकडे परत गेली. मी उंबऱ्यावर बसून गुण मोजत असे आणि फूल गटारीत पडले की काढून देत असे. मला खेळता येत नाही, असे कोणी सिद्ध केलेले नाही. मला कोणी विचारलेच नाही.

मुलगी आता औरंगाबादला शिकते. रॅकेट तिने सोबत नेली आहे.

सबब मुलीस विनंती की, येत्या सुट्टीत घरी आल्यावर पहिला डाव अर्जदाराशी खेळावा व साडूचा विचार त्यानंतर व्हावा. अर्जदाराकडे रॅकेट नाही. ती मागून आणण्याची तजवीज तो स्वखर्चाने करील. होकार असो वा नकार, तो लेखी व तिच्याच हस्ताक्षरात मिळावा. उत्तर न आल्यास अर्जदार तो नकार समजणार नाही व पुन्हा अर्ज करील.