उपासाला चालणारी गोळी

पाकिटातून दुखण्याची गोळी काढायची, नखानं तिचे दोन तुकडे करायचे, एक स्वतःच्या जिभेवर आणि दुसरा समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा. वर हुकूम सोडायचा, "गीळ. दुखणं काय सुट्टी बगून येतंय व्हय?"

कुपवाडच्या एका फौंड्रीत आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. ओतकामाच्या साच्यांत बसवायचे वाळूचे गाभे ती बनवायची. दिवसभर उभं राहून वाळू ठासायची आणि भरलेले ट्रे उचलून भट्टीकडे न्यायचे. खांदा आणि कंबर पंधरा वर्षं बोलत होती, आणि ती पंधरा वर्षं गोळीनं त्यांचं तोंड बंद करत होती. अशी एखादी बाई तुमच्याही कामावर असेल. नसेल, तर नीट पाहा.

मी स्टोअरमध्ये होतो. कामगारांसाठी पत्रकं लिहायचो, म्हणून तिनं माझं नाव कागदवाला पाडलं होतं. "आला बगा कागदवाला! ह्यो मालकाला कागदानंच मारणार." सगळ्या बायका हसायच्या. पण पत्रक हातात पडलं की ते मोठ्यानं वाचून घ्यायचा हट्ट तिचाच असायचा.

गुरुवारी तिचा उपास. मी एकदा टोकलं, "आक्का, नुसत्या चहावर गोळी घेताय?"

"आरं, गोळीत काय ज्वारी हाय व्हय? उपासाला चालती."

मीही हसलो. पोती उचलून माझी पाठ भरून आली होती. उरलेला अर्धा तुकडा माझ्याच हातावर होता. खोटं कशाला सांगू, गोळीनं तासाभरात बरं वाटायचं. तिच्यावर विश्वास बसला तो त्यामुळंच.

आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस नव्हता, बँडेज नव्हतं. गोळ्या मात्र कधी संपल्या नाहीत. सलग तीन दिवस खाडा झाला की कंत्राटदार दुसरी बाई उभी करायचा. ट्रेचं वजन कमी करण्यापेक्षा गोळी स्वस्त पडते, हे मालकाला आणि कंत्राटदाराला पक्कं ठाऊक होतं. मेडिकलमधून आक्का आणखी एक पाकीट आणायची. वेगळं नाव, वेगळा रंग. दोन्हींत औषध एकाच जातीचं, हे तिला कुणी सांगितलं नाही. मलाही कुठं ठाऊक होतं?

एका दुपारी डबा न उघडताच ती माझ्याशेजारी बसली. आवाज बारीक करून म्हणाली, "कागदवाल्या, हसू नगंस. आता सकाळी परसाकडंला बी काळंच पडतंय. डांबरागत."

फौंड्रीत काळ्याचं नवल नसतं. नाक शिंकरलं तरी काळं, थुंकलं तरी काळं, न्हाणीतून वाहणारं पाणीही काळं. मी ताडकन म्हणालो, "धूळ, आक्का! पोटापर्यंत पोचली." आणि घरी जाऊन त्यावर पत्रक लिहिलं. त्यावर मथळा टाकला, 'आमच्या पोटातही तुमची धूळ.' तिनं ते दोनदा वाचून घेतलं. "माजं नाव न्हाई न्हवं घातलंस?" एवढंच विचारलं. तिची काळजी मिटली होती. मीच ती मिटवली होती.

तीन आठवड्यांनी ती ट्रे घेऊन निघाली आणि मधेच खाली बसली. ओठ पांढरेफटक पडले होते. उलटी झाली, ती चहाच्या चोथ्यासारखी. टेम्पोत घालून आम्ही तिला सांगलीला नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. निरोप मिळून आलेल्या आक्काच्या जावयानं तिच्या पिशवीतली पाकिटं टेबलावर ओतली, तशी त्यांनी एकेक उचलून त्यावरची नावं वाचली. मग म्हणाल्या, "गोळी वाईट नाही. थोडे दिवस, पोटात अन्न असताना, विचारून घ्यायची असते. ही रोज, उपाशीपोटी, दोन-दोन प्रकारच्या. पोटात जखम झालीय. किडन्याही गेल्यात. शौचाला काळं होत होतं का?"

जावई म्हणाला, "आमाला काय बोलली न्हाई."

"मला बोलली होती," मी म्हणालो.

"ते रक्त होतं," त्या म्हणाल्या. "पोटात रक्त साचलं की काळं होतं. तेव्हाच आणायला हवं होतं हो."

रक्त हवं होतं. पाळी सुटल्यावर फौंड्रीतले सातजण मोटरसायकलींवरून थेट रक्तपेढीत आले. फॉर्म भरून घेणाऱ्यानं प्रत्येकाला तेच विचारलं, "गेल्या तीन दिवसांत दुखण्याची गोळी घेतली?" पहिला म्हणाला, व्हय. दुसराही. सातवाही. मी आठवा.

त्यानं मान वर केली. "सगळेच?"

आम्ही माना हलवल्या. "रक्त घेता येतं," तो म्हणाला, "फक्त लिहून ठेवावं लागतं." त्यानं आठ वेळा लिहिलं.

माझ्या रक्ताची पिशवी अर्धी भरली होती, तेव्हा जावई जिना उतरून आला. दारातच थांबला. "दादा, ऱ्हाऊ द्या आता."

मी उठायला गेलो, तर नर्सनं खांद्यावर हात ठेवून मला परत आडवं केलं. "पडून राहा. दुसऱ्या कुणाला लागेल. मूठ उघडझाप करत राहा."

मी करत राहिलो.