मंगळावरचा धोंडा

युलालिया ब्राकामोन्तेला निवांत बसलेलं कुणी कधी पाहिलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली तरी पायाला भिंगरी कायम. बीन्स शिजत लावायच्या, गाडी काढून टेकडीवर जायचं, तांब्याच्या खाणीच्या कुंपणाशी उभं राहून खाली बघायचं आणि परतायचं. तोवर बीन्स करपलेल्या. आता खाणीचा खड्डा आहे तिथं पूर्वी तिचं गाव होतं. खाण वाढली तेव्हा बापानं अख्खं घरच उचलून ट्रकवर चढवलं आणि खाली नदीकाठी आणून ठेवलं. त्याच घरात ती राहते. पण घर आलं म्हणून गल्ली थोडीच येते?

अशात वाचनालयात टूसॉन शहरातल्या विद्यापीठाची माणसं आली. मंगळाभोवती यान फिरतंय, त्याच्या कॅमेऱ्यानं कुठला फोटो काढावा हे कुणीही सुचवावं, नकाशावर चौकोन आखून कारण लिहावं आणि वाट बघावी, असं त्यांनी सांगितलं. युलालियानं एका उतारावर चौकोन आखला, कारण तो उतार तिला आपल्या गल्लीसारखा वाटला. पुढे फोटो आलाही. कड्याच्या काठावर घराएवढा धोंडा होता. दुसरी एखादी बाई फोटो फ्रिजवर लावून खूश झाली असती. हिला नवाच घोर लागला. तो धोंडा अजून असेल का तिथं? तिनं पुन्हा तीच जागा सुचवायची ठरवली.

लेक निदिया रविवारी आली की वैतागायची. "अमा, अख्खा ग्रह पडलाय. लोक नवी जागा मागतात, आणि तुझं आपलं तेच."

"तिथं कुणी खणत नाही ना, एवढंच बघायचंय."

"मंगळावर कोण मरायला खणतंय?"

"आमच्या गावातही असंच म्हणायचे."

हे कारण म्हणून लिहिता येण्यासारखं नव्हतं. निदियानंच मग लिहून दिलं की उतारावर काही बदल झालाय का ते तपासावं. युलालियाला ते अभद्र बोलल्यासारखं वाटलं. संशोधकांना बदल हवा असतो, हिला नेमका तोच नको होता.

मग वाट बघणं सुरू झालं. वर्षं गेली. खाण आणखी रुंदावली आणि टेकडीवरचा रस्ताच बंद झाला. आता तिला जायलाही जागा उरली नाही. घरातल्या घरात येरझारा घालायची, भांडी पुन्हा पुन्हा घासायची, निदियाला कामावर फोन करून ईमेल आली का विचारायची.

एका रविवारी ईमेल आली. निदियानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. काठावर धोंडा नव्हता.

"बदल झालाय, अमा! त्यांना हेच तर हवं असतं," निदिया हरखून म्हणाली.

युलालियानं किल्ल्या उचलल्या, रस्ता बंद असल्याचं आठवलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. धोंडा होता त्या रिकाम्या जागेवर तिनं बोट ठेवलं. तिथून उतारावर ठिपक्याठिपक्यांचा एक माग गेला होता. बोट हळूहळू त्या मागावरून खाली उतरलं आणि तळाशी थांबलं. तिथं धोंडा होता, अख्खाच्या अख्खा.

"हा बघ. गेला नाही कुठं," ती म्हणाली. "खाली आलाय."

निदियाची नजर दाराच्या वरच्या भेगेकडे गेली. ट्रकवरून घर आणताना भिंत तडकली होती, ती भेग कुणी बुजवलीच नव्हती. मग तिनं विचारलं, अजून एक फोटो सुचवायचा का.

"आता कशाला? पोचलाय ना तो." युलालियानं किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि बीन्सखालचा गॅस वेळेवर बंद केला.